अप्पांच्या बावीस फेऱ्या

मन्मथअप्पा खोटं बोलायचे. तेही पहाटे उठून, तांब्याभर पाण्यात अंघोळ आणि लिंगपूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून बोलायचे. आणि इतक्या मायेनं बोलायचे की ऐकणाऱ्याला स्वतःबद्दल उगीच बरं वाटायला लागायचं.

आमची पहिली गाठ लातूरच्या रिंग रोडवर पडली. मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दिवसभर फळ्यापुढं उभं राहून आवाज वाढला होता आणि पोटही. डॉक्टरनं साखर काठावर आहे म्हटल्यावर पळायला लागलो. पळायला म्हणजे काय, शंभर पावलं पळायचं आणि पुढची तीनशे, कुणी विद्यार्थी बघत नाही ना, हे बघत चालायचं. असा चालत असताना मागून एक पन्नाशी ओलांडलेला बुटका माणूस आला. अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी, पायात मात्र झकास बूट. गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि ती पळताना हलू नये म्हणून छातीवरून रबरी पट्टा आवळलेला.

"थांबू नका सर. संपलंच की. त्या लिंबापस्तोर फकस्त."

लिंब आला. मग म्हणाले, दाल मिलच्या फाटकापर्यंत. मग पेट्रोल पंपापर्यंत. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा न थांबता तीन किलोमीटर पळालो. शेवटी अप्पांनी घड्याळात पाहिलं आणि डोळे मोठे केले. "इक्कीस मिनिटं! पैल्या झटक्यात! लई भारी सर." माझ्या मोबाइलमध्ये सत्तावीस होती. पण मी ती न बघितल्यासारखं केलं.

"मी सर आहे हे कसं ओळखलंत?"

"लातुरात पाटेपाटे कपाळाला आठ्या घेऊन पळणारा माणूस सरच असतंय," ते म्हणाले.

हा झाला रस्त्यावरचा माणूस. मार्केट यार्डात गेलात तर तुम्हाला दुसराच अप्पा दिसला असता. थोरल्या भावाच्या आडतीवर ते माल पारखायचे. पोत्यात हात खुपसून मूठभर तूर बाहेर काढायची, तळहातावर पसरायची, एक दाणा दाढेखाली धरून फोडायचा आणि निकाल द्यायचा. एकदा माझ्यासमोर त्यांच्या गावाकडचा, देवणीचा, अगदी नात्यातला माणूस तूर घेऊन आला होता. अप्पांनी दाणा फोडला आणि म्हणाले, "वल हाय. वाळवून आणा."

"अप्पा, मी घरचा माणूस हाय."

"तुमी घरचे हाव. तूर न्हाई."

तो बिचारा पोती उचलून गेला. मी विचारलं, "अप्पा, इथं एवढे कडक आणि आमच्याशी मात्र इक्कीस मिनिटं?" त्यांनी हात झटकले. म्हणाले, "तुरीला किती बी चांगलं म्हणा सर, ती हाय तशीच ऱ्हाती. माणूस चांगलं म्हणलं की चांगलं होऊन बगतंय."

आडतीत एक जुनी रीत असते, कडता. पोत्यात माती असेल, काडीकचरा असेल, ओल असेल, म्हणून वजनातून थोडं आधीच कापून धरायचं. अप्पा दुसऱ्याच्या मालात अन्यायाचा कडता कधी धरत नसत, यार्डात त्यांची तशी ख्याती होती. कडता ते धरायचे स्वतःच्या वेळेत. पाच किलोमीटर तीस मिनिटांत पळाले तर म्हणायचे, "घड्याळ उशिरा दाबलं आसंल. बत्तीस धरा." आम्ही बरोबर पळणारे हसायचो आणि बत्तीस धरायचो.

हे कुठून आलं ते मला एकदा आडतीच्या गादीवरच कळलं. थोरले भाऊ तक्क्याला टेकून बसले होते आणि अप्पा माझ्यासाठी कपबशीत चहा ओतत होते. थोरले म्हणाले, "आमचा मन्मथ कष्टाला वाघ हाय सर. पर म्होरं व्हायचं काम त्याचं न्हाई. ल्हानपनापून मागंच." अप्पा तिथंच उभे होते. त्यांनी चहा सांडू दिला नाही. हसले आणि मला विचारलं, "साखर बरी हाय का?"

पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात करायच्या स्पर्धेचं खूळ आमच्या टोळक्यात संगीताताईंनी आणलं. त्या एसटीत कंडक्टर. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघून आल्या आणि म्हणाल्या, हे आपण करायचं. मग त्यांनाच दुसऱ्या दिवशी भीती वाटली. पोहता येत नव्हतं. घरचे हसत होते. अप्पा त्यांना म्हणाले, "ताई, उदगीरच्या खड्ड्यांच्या रोडवर हलत्या गाडीत, दांडी न धरता, तुमी साठ मान्सांची तिकिटं फाडताव. तुमचा तोल आमच्या कुनाला हाय का?" बाई तिथल्या तिथं ताठ उभ्या राहिल्या. मी तीन महिने प्रयत्न केला असता तरी मला ते वाक्य सुचलं नसतं.

अप्पा स्वतः तीन वर्षं फॉर्म भरत होते. आमच्याबरोबर यायचे, दंडावर नंबर काढून घ्यायचे, टोपी घालायचे आणि पाण्याच्या काठाशी गेले की पोट धरायचे. "या खेपेला तुमी जावा. म्होरच्या खेपेला मी." मग सगळ्यांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन काठानं पळत ओरडत राहायचे. कुणाची पिशवी कुठली, कुणाच्या चपला कुठल्या, कधी चुकले नाहीत. त्यांना एकदाच, एकच स्पर्धा, वेळेत पुरी करायची होती. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण दर वर्षी फी भरणारा माणूस आणखी काय सांगणार? उदगीर जिल्हा होणार अशी बातमी त्या दिवसांत दर सव्वीस जानेवारीच्या आधी हमखास यायची. अप्पा चहाच्या टपरीवर पेपर घडी करत म्हणायचे, "त्यो जिल्हा आन् मी, आमी दोघं बी दर साली होऊन राहिलाव."

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. पुढं उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच. पावसाळा कोरडा गेला आणि शहरातला पोहण्याचा तलाव दिवाळीच्या आधीच बंद झाला. प्यायला पाणी नाही तिथं पोहायला कोण देणार? अप्पांनी आम्हाला आडतीच्या गोदामात नेलं. तुरीची दोन पोती लांबीनं एकापुढं एक ठेवली, त्यावर पालथं झोपवलं आणि हात मारायला लावले. तोंडापुढं परातीत पाणी. त्यात तोंड बुडवायचं आणि मान वळवून श्वास घ्यायचा. ते पाणी नंतर बादलीत ओतून ते बैलाला पाजायचे. हमाल हसून गडाबडा लोळायचे. संगीताताई पाण्यात श्वास सोडायला शिकल्या त्या परातीत.

पण पोत्यावर किती दिवस पोहणार? औसा रस्त्याला अप्पांच्या साडूंचं शेततळं होतं. डाळिंबाच्या बागेसाठी खोदलेलं, उतरत्या बाजूंना काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरलं होतं तेव्हा लांबी पन्नास मीटर. अप्पांनी अट घातली की पोहणाऱ्यानं पोहून झाल्यावर चार बादल्या पाणी शेंदून फाटकापाशी हौदात टाकायचं, गावातली जनावरं तिथं येतात. आम्ही हो म्हटलं. फेब्रुवारीत नांदेडला गोदावरीत स्पर्धा होती. साडेसातशे मीटर पोहायचं, तीस मिनिटांच्या आत. त्याच्या पुढं गेला की होडीत घेतात आणि सायकलला हात लावू देत नाहीत. साडेसातशे म्हणजे तळ्याच्या पंधरा फेऱ्या. हिशेब सोपा होता.

पहिल्या आठवड्यात मला तेहतीस मिनिटं लागली. अप्पा म्हणाले, "तीन मिनिटंच तर कमी करायची हायेत." पुढच्या आठवड्यात बत्तीस झाली. मग तीस. मग अठ्ठावीस. मी वर्गात शिट्टी वाजवत जायला लागलो. जानेवारीच्या शेवटी मी सव्वीस मिनिटांत पंधरा फेऱ्या मारल्या आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की ह्या वयातही माणूस सुधारतो. संगीताताई तर चाळीसवरून चोवीसवर आल्या होत्या. पोहून वर आल्या की त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहावं इतक्या त्या खूश असायच्या.

सुधारले नाहीत ते फक्त अप्पा. ते आधी आम्हाला पाण्यात सोडून सगळ्यात शेवटी उतरायचे, पलीकडच्या कडेनं पोहायचे आणि आमचं अंग पुसून, बादल्या ओढून झाल्या तरी पाण्यातच असायचे. बाहेर येऊन घड्याळ बघायचे. तेहतीस. पहिल्या आठवड्यात तेहतीस, शेवटच्या आठवड्यात तेहतीस. आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून "अप्पा, जोर लावा की," म्हणायचो. थोडी कीवही यायची. थोरले बरोबरच म्हणतात, असं माझ्या मनात आलेलं मला चांगलं आठवतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही नांदेडला गेलो. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवून संध्याकाळी घाटावर बसलो होतो. बाकीचे लॉजवर गेले, अप्पा आणि मी मागं राहिलो. अप्पांनी पायरीवरून वाकून पाण्यात हात घालून पाहिला. मग म्हणाले, "सर, एक इचारू का? उद्या उतरू का मी? जमंल का मला?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. वर्षाला शंभर पोरं मला हेच विचारतात. सर, मेडिकलला लागेल का माझा नंबर? आणि मी सांगतो. बेटा, तुझे मार्क हे, कट-ऑफ तो, नाही बसत. त्या स्पष्टपणाचा मला अभिमान होता. पालक मला त्याचेच पैसे देतात असं मी समजत होतो.

"अप्पा, खरं सांगू?" मी म्हणालो. "कट-ऑफ तीसचा आहे. तुमचे तीन महिने तेहतीस आहेत. बाकी सगळे सुधारले, तुम्ही नाही. नदीत अजून मिनिट-दोन मिनिट वाढणारच. नाही बसत."

"हाव," अप्पा म्हणाले. "मला बी तसंच वाटून राहिलं व्हतं." मग उठले, चड्डीची धूळ झटकली. "सकाळी पिशव्या माझ्याकडं द्या मग."

मला वाटलं, सगळे ह्या माणसाला गोड बोलतात, कुणीतरी खरं बोलायला हवं होतं. पुढं आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की अप्पांना गोड कुणीच कधी बोललं नव्हतं. गोड ते बोलायचे आणि आम्ही ऐकायचो.

सकाळी मी उतरलो. अर्ध्याच्या पुढं गेलो तेव्हा माझ्या घड्याळात अठरा मिनिटं होती. काहीतरी चुकतंय हे तेव्हाच कळलं, पण पाण्यात कुणाला विचारणार? हात जड झाले. काठावरून अप्पांचा आवाज येत होता, "सर, संपलंच की! पन्नास हात!" मी पन्नास हात मारले. मग आणखी पन्नास. पोहणं संपायच्या जागेचा झेंडा तसाच लांब. तीस मिनिटांची शिट्टी झाली तेव्हा माझे साठ-सत्तर मीटर बाकी होते. दोन पोरांनी मला दंडाला धरून होडीत घेतलं. संगीताताई मात्र शिट्टीच्या आधी काही सेकंद काठाला लागल्या आणि ओल्या केसांनी सायकलकडं पळाल्या.

होडीतून उतरलो तर समोर अप्पा, टॉवेल पसरून. मी टॉवेल हिसकून घेतला. "पन्नास हात म्हणे! तळ्यात सव्वीस आणि इथं तीस मिनिटांत होत नाही? हे काय आहे अप्पा?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "तळं आटून राहिलं व्हतं सर. बाजू उतरत्या हायेत. पानी खाली गेलं तशी लांबी बी कमी झाली. पंधरा फेऱ्या म्हंजी साडेसातशे न्हाई राहिल्या."

उतारावरचा ठोकळा हा माझा हातखंडा धडा आहे. पाणी खाली गेलं की उतरत्या काठांमधलं अंतर कमी होतं, हे मला अकरावीतल्या पोरानं सांगितलं असतं. तीन महिने मी त्या उतारावरून पाय घसरत पाण्यात शिरत होतो, दर आठवड्याला दोन पावलं जास्त, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. कसं येईल? माझी वेळ कमी होत होती ना! स्वतःच्या बावळटपणाचा राग माणूस स्वतःवर काढत नाही. मी चारचौघांत, बायकापोरांसमोर ओरडलो. "तुम्हाला माहीत होतं! आणि तुम्ही गप्प बसलात? तुमच्या खोट्या कौतुकानं बुडवलं मला. स्वतःला काही जमत नाही म्हणून दुसऱ्यालाही तसंच ठेवायचंय तुम्हाला."

"चुकलं सर माझं," अप्पा म्हणाले. माझ्या चपला त्यांनी पायापाशी जोडीनं ठेवल्या होत्या.

परतताना मी त्यांच्याशी बोललो नाही. पुढच्या रविवारी मात्र तळ्यावर गेलो. खरं तर माझी चूक किती मीटरची होती ते मोजायला गेलो होतो, म्हणजे भांडायला आकडे हाताशी असावेत. तळ्यात आता गुडघाभर हिरवट पाणी उरलं होतं. मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं आकड्यांच्या जोड्या लिहिलेल्या होत्या, एकाखाली एक. त्या मी तीन महिने बघत होतो आणि मोटारीचा काहीतरी हिशेब असेल असं समजत होतो. अप्पांचे साडू गायीला वैरण टाकत होते. त्यांना विचारलं.

"त्ये व्हय? त्ये मन्मथनं लिवलंय. पैला आकडा तळ्याची लांबी. दर रईवारी दोरी लावून मोजायचा. दुसरा त्याच्या फेऱ्या."

पन्नास, सतरा. अठ्ठेचाळीस, अठरा. असं खाली खाली. शेवटची जोडी होती, चाळीस, बावीस.

"बावीस?" मी म्हणालो. "पंधराच्या जागी बावीस?"

"तळं आटून राहिलंय म्हून फेऱ्या वाढवायच्या, म्हणायचा. वर दोन-तीन कडत्याच्या. मी म्हणलो, आरं मग सरला सांग की. तर म्हणला, त्या कंडक्टर ताईचा जीव आत्ता कुठं पान्यात रमलाय, आकडा सांगितला तर येणं सोडंल. स्पर्धा होऊ दे."

मी तिथंच उभ्यानं भागाकार केला. चाळीस गुणिले बावीस म्हणजे आठशे ऐंशी मीटर, तेहतीस मिनिटांत. त्या चालीनं साडेसातशेला अठ्ठावीस मिनिटं. माझी खरी वेळ साडेबत्तीस होती, म्हणजे तीन महिन्यांत मी जवळजवळ होतो तिथंच होतो. आणि ज्या माणसाला मी "नाही बसत" म्हणालो होतो, तो सुरुवातीपासून माझ्यापेक्षा वेगानं पोहत होता. तो बसत होता. दोन मिनिटं राखून बसत होता.

मी तसाच मार्केट यार्डात गेलो. सांगायलाच गेलो होतो. अप्पांनी मला बघितलं, मूठभर तूर पोत्यात परत टाकली आणि चहा सांगितला. "राग गेला का सर?"

"गेला," मी म्हणालो. चहा प्यालो. आणि निघून आलो. माझ्यात हिंमत नव्हती, दुसरं काही नाही. वर्षाला शंभर पोरांना तोंडावर खरं सांगणारा मी, मला स्वतःची चूक एका वाक्यात सांगता आली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला, मी तीस मिनिटांच्या आत यायला लागलो. अप्पा पिशव्या सांभाळत राहिले. फॉर्म भरणं मात्र त्यांनी सोडलं. कुणी विचारलं नाही आणि मी तर विचारणार नव्हतोच. मग त्यांच्या गुडघ्यानं दगा दिला. आडतीच्या वाटण्या झाल्या, थोरल्यांच्या मुलानं गादी घेतली आणि अप्पा देवणीला गावी जायला निघाले. जाण्याआधी एकदा आमच्याबरोबर नांदेडला आले. नदी तीच, घाट तोच. सगळे पाण्याकडं निघाले होते. मी पिशवी द्यायला मागं थांबलो आणि इतकी वर्षं गिळलेलं एकदाचं बोललो.

"अप्पा, त्या वर्षी मी तुम्हाला नाही म्हटलं ना, ते चुकीचं होतं. भिंतीवरच्या फेऱ्या मी नंतर पाहिल्या. तुमचा आकडा अठ्ठावीस येत होता. तुम्ही बसत होता."

"ठाऊक हाय की सर," अप्पा म्हणाले. पिशवीच्या बंदाला गाठ मारत होते. "अठ्ठावीस. दर रईवारी काढून राहिलो व्हतो मी."

"ठाऊक होतं? मग मला विचारलंत कशाला?"

त्यांनी गाठ पुरी केली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"आकडा कुठं इचारला व्हता मी तुमाला?"

तेवढ्यात शिट्टी झाली. अप्पांनी माझी पिशवी खांद्यावर टाकली, चपला उचलल्या आणि हातानं मला पुढं ढकललं. "जावा सर. या खेपेला पंचवीसच्या आत येताव तुमी."

मी पाण्यात उतरलो. श्वास घ्यायला मान वळवली की काठ दिसायचा. काठानं अप्पा पाच पिशव्या घेऊन लंगडत लंगडत आमच्याबरोबर चालले होते आणि त्यांचं तोंड हलत होतं. पाण्यात काही ऐकू येत नव्हतं. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.